अडतं कुठे ते आधी पाहा: गेमसाठी आणि रोजच्या कामासाठी ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला नियमित सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, त्यामुळे पुष्कळांच्या हे लक्षातही आलं नाही. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा, कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. झेरॉक्सच्या दुकानात, टायपिंग क्लासमध्ये, कृषी सेवा केंद्रात आणि घरात विंडोज १० अजून भेटतेच, आणि कोपऱ्यातल्या एखाद्या जुन्या सीपीयूवर विंडोज ७ सुद्धा.

अशा वेळी सल्ले भरपूर मिळतात. दुकानदार म्हणतो, नवाच घ्या. घरातलं पोरगं म्हणतं, घ्यायचाच तर गेमिंगचा घ्या. पुण्याला शिकणारा भाचा म्हणतो, जुन्यावरच लिनक्स टाका, फुकट आहे. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं असू शकतं, पण पैसे तुमच्या खिशातून जाणार आहेत. २०२५-२६च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. पन्नास हजारांचा लॅपटॉप म्हणजे पुरता हमीभाव हाती पडला तरी साडेनऊ क्विंटलच्या आसपास सोयाबीन. एवढ्या मालाचा निर्णय घाईत होऊ नये, म्हणून हा लेख.

मला सांगायचं आहे ते एवढंच: विंडोज बरी की लिनक्स बरं, या वादात आधी शिरू नका. ज्या एका कामावाचून किंवा ज्या एका गेमवाचून तुमच्या घरात अडतं, ते आधी शोधा. ते कशावर चालतं हे कळलं की बाकीची निवड सोपी होते.

त्यासाठी कागदावर मागच्या महिन्याभरात संगणकावर काय काय केलं ते लिहून काढा. घरातल्या प्रत्येकाला विचारा. यादी झाली की त्यातली ब्राउझरमध्ये होणारी कामं वेगळी करा. डिजिटल सातबारा काढणं, महाडीबीटीचा अर्ज, पीक विम्याचा फॉर्म, बँकेचं काम, सीईटीचा सराव पेपर, यूट्यूब, जीमेल हे सगळं क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये होतं. विंडोज, लिनक्स, मॅक, कशावरही ते सारखंच चालतं. बहुतेक घरांतली यादी इथेच संपते, आणि ज्यांची संपते त्यांनी नव्या मशीनसाठी कर्ज काढण्याचं काहीच कारण नाही.

अडतं ते उरलेल्या चार-दोन गोष्टींत. आपल्या भागात त्या कोणत्या, ते जरा सविस्तर पाहू.

पहिली मराठी टायपिंगची. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसी परीक्षेला बसणारी मुलं-मुली आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. सरकारी भरतीत मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. क्लासमध्ये रेमिंग्टन कळफलकावर, सी-डॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरवर सराव होतो आणि ते विंडोजसाठी बनवलेलं आहे. लिनक्सवर मराठी उत्तम लिहिता येतं, इनस्क्रिप्ट कळफलक तयारच मिळतो, पण परीक्षेचा हात ज्या सॉफ्टवेअरवर बसवायचा ते तिथे नाही. घरी सराव करणाऱ्या मुलीच्या संगणकावरून विंडोज काढून टाकणं म्हणजे तिचे कष्ट वाढवणं. जुन्या फायलींचंही तसंच. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे जुने ठराव, शाळेचे दाखले यांतलं बरंच काही श्रीलिपी, कृतिदेव किंवा सुरेख अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये पडून आहे. तो फॉन्ट लिनक्समध्ये टाकून फाइल वाचता येते, छापताही येते. त्याच फॉन्टमध्ये नवं लिहायचं, दुरुस्त्या करायच्या तर मूळ सॉफ्टवेअर लागतं आणि ते विंडोजवरचं असतं. नवीन मजकूर मात्र आजपासून युनिकोडमध्येच लिहायची सवय लावा. मग पुढच्या वेळी सिस्टिम बदलताना फायली आडव्या येणार नाहीत. विंडोज १०मध्ये २०१९पासून मराठी फोनेटिक कळफलक आतच दिलेला आहे, त्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही.

दुसरी टॅली. अडत दुकान, कापड दुकान, खत-बियाण्यांचा व्यवहार, जीएसटीचे हिशेब, सगळं टॅलीवर असतं आणि टॅलीप्राइम विंडोजवरच चालतं. हिशेबाच्या मशीनवर प्रयोग नकोत.

तिसरी अंगठ्याची. आपले सरकार सेवा केंद्र किंवा सीएससी चालवणाऱ्याकडे बोटाचा ठसा घेणारं यंत्र असतं. ते नुसतं यूएसबीला लावून चालत नाही. त्याचं आरडी सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअर मागे चालू असावं लागतं, आणि ते मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी मिळतं. डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर लिनक्ससाठी असतात खरे, पण ऐनवेळी ते अडले तर तालुक्याच्या ठिकाणी मदतीला माणूस सापडत नाही. त्यामुळे केंद्रचालकांनी आणि ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकांनी विंडोजवरच राहावं.

चौथी गोष्ट कोणी विचारातच घेत नाही: प्रिंटर. झेरॉक्सच्या दुकानांत कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर वर्षानुवर्षं राबतो आहे. विंडोजवर तो चटकन चालू होतो. लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवणं जिकिरीचं, आणि बसला तरी मधूनच रुसतो. एचपीचे बहुतेक प्रिंटर मात्र लिनक्सवर विनातक्रार चालतात. म्हणजे शेजारच्या दुकानात लिनक्स छान चालतं म्हणून तुमच्याकडे चालेलच असं नाही; प्रिंटरच्या पाठीवरचं मॉडेल आधी पाहा.

या चारांपैकी एक जरी गोष्ट पोटापाण्याची असेल, तर विंडोज ठेवा, आणि अस्सल ठेवा. हे मी आग्रहाने सांगतो. फॉरमॅट मारून क्रॅक केलेली विंडोज टाकून देणं आपल्याकडे इतकं सरसकट झालं आहे की त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटतच नाही. पण ती अॅक्टिव्हेट करणारा जुगाड चालवायच्या आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या संगणकात रोज लोकांच्या आधारच्या आणि पासबुकच्या प्रती स्कॅन होतात, त्याचं दार असं उघडं टाकायचं? गावातली माणसं विश्वासाने कागद देतात, तो विश्वास केंद्रचालकाने जपायला हवा.

आता विंडोज १० आहे, तिचं काय करायचं? मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. त्यासाठी विंडोज १०ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी. तेवढ्या काळात आपलं मशीन विंडोज ११ घेऊ शकतं का ते पाहून घ्या. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकोनात इंग्रजीत टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. पहिली अट टीपीएम या सुरक्षेच्या सोयीची: तिथे २.० असं दिसलं तर अर्धं काम झालं. काही दिसलं नाही तर लगेच निराश होऊ नका. पुष्कळ मशीनमध्ये टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. दुसरी अट प्रोसेसरची: इंटेलची साधारण आठवी पिढी आणि एएमडीची रायझन २००० मालिका, यांपासून पुढचे. आय५-८२५०यू असं लिहिलं असेल तर आठवी पिढी, आय३-४१३० असेल तर चौथी.

अटी मोडून जुन्या मशीनवर विंडोज ११ बसवून देणारेही भेटतात. बसते, चालते, पण पुढची अपडेट येत राहतील याची हमी कंपनी देत नाही. कामाच्या मशीनसाठी हा रस्ता नको. विंडोज ७वर तर कोणीही बँकेचं काम करू नये. तिचा आधार जानेवारी २०२०मध्ये संपला, आणि क्रोमची नवी आवृत्ती २०२३पासून तिच्यावर बसतच नाही.

ज्यांची यादी ब्राउझर, पत्रं, हिशेबाची साधी शीट आणि पिक्चर एवढ्यात संपली, आणि ज्यांचं मशीन विंडोज ११च्या अटीत बसत नाही, त्यांच्यासाठी लिनक्स ही खरोखर चांगली सोय आहे. नव्या माणसाने लिनक्स मिंटपासून सुरुवात करावी. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, अशी त्याची मांडणी विंडोजवाल्याला ओळखीची वाटते. ४ जीबी रॅम असेल तर त्याची एक्सएफसीई आवृत्ती, ८ जीबी असेल तर सिनॅमन. उबुंटू २४.०४वर आधारलेल्या मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस येतं. साधी पत्रं आणि तक्ते त्यात व्यवस्थित उघडतात, मात्र मॅक्रो घातलेल्या किचकट एक्सेल फायली बिघडू शकतात. केरळच्या शाळांनी संगणक शिक्षण सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर नेऊन दाखवलं आहे, सी-डॅकने आपल्याच देशात बॉस नावाचं लिनक्स तयार केलं आहे. तेव्हा हे फक्त इंजिनिअर लोकांचं खेळणं आहे असं समजू नका.

बसवण्याआधी पारखून घ्या. मिंटची साधारण तीन जीबीची आयएसओ फाइल उतरवा आणि रूफस किंवा व्हेंटॉय वापरून पेनड्राइव्ह बूटेबल करा. संगणक सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) दाबून पेनड्राइव्ह निवडा. मिंट थेट पेनड्राइव्हवरून चालू होतं, आतल्या डिस्कला हात लागत नाही. समोर इन्स्टॉलचं चिन्ह दिसेल, ते दाबू नका. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, प्रिंटर कागद काढतो का, यूट्यूब अडखळतं का, हे तासभर बघा. सगळ्यात जास्त अडचण स्वस्तातल्या वाय-फाय डोंगलची येते. ते चाललं नाही तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंगवर नेट घ्या, तेवढ्यापुरतं भागतं.

आणि सिस्टिम कुठलीही ठेवा, जुन्या मशीनमध्ये अजून गोल फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी टाका. संगणक हँग होतो म्हणून जी तक्रार असते, ती निम्म्याहून अधिक वेळा त्या डिस्कची असते.

आता गेमकडे. इथे लिनक्स आणि विंडोजमधलं अंतर गेल्या काही वर्षांत इतकं बदललं आहे की २०१५ साली खरी असलेली उत्तरं आज चुकीची ठरतात. स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८मध्ये प्रोटॉन आणलं. विंडोजसाठी लिहिलेल्या गेमची ग्राफिक्सची भाषा ते चालता चालता लिनक्सला कळणाऱ्या वल्कनच्या भाषेत उतरवतं आणि गेम लिनक्सवर उघडतो. २०२२मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातातलं यंत्र याच जोरावर चालतं. त्यात लिनक्सच आहे. एकट्याने खेळायचे, गोष्ट असलेले बहुतेक गेम आज लिनक्सवर काही न करता चालतात. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर लिनक्ससाठीच वेगळे बनवलेले मिळतात. कुठलाही गेम घेण्याआधी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर त्याचं नाव टाका; लोकांनी आपापल्या मशीनवरचे अनुभव तिथे नोंदवलेले असतात.

खरी अडचण ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये आहे, आणि आपल्या मुलांना तेच हवे असतात. व्हॅलोरंटचं उदाहरण घ्या. फसवणूक पकडणारं त्याचं व्हॅनगार्ड विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसतं आणि संगणक सुरू होतानाच जागं होतं. लिनक्सचा गाभा वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतो, त्यामुळे कंपनीला तिथे खात्री देता येत नाही. म्हणून व्हॅलोरंट लिनक्सवर नाही. विंडोज ११वर खेळायचं तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू हवेत. अटी मोडून बसवलेल्या विंडोज ११वर व्हॅलोरंट का उघडत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. फोर्टनाइटही लिनक्सवर चालत नाही. एपेक्स लीजेंड्स लिनक्सवर चालायचा, तो २०२४च्या ऑक्टोबरअखेरीस कंपनीने तिथे बंद केला; त्याच वर्षी जीटीए ऑनलाइनचंही तेच झालं. जीटीए ५ची एकट्याने खेळायची गोष्ट मात्र लिनक्सवर चालते. म्हणजे पोराला विचारायचा प्रश्न 'जीटीए खेळतोस का' हा नाही, 'एकटा खेळतोस की मित्रांबरोबर ऑनलाइन' हा आहे.

जुन्या मशीनबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे की लिनक्स टाकलं की त्यावर गेमही पळतील. तसं होत नाही. प्रोटॉनला ज्या वल्कनची गरज असते, ते इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आतल्या ग्राफिक्सवर अर्धवटच आहे. सहाव्या पिढीपासून पुढे ते नीट मिळतं. सरकारी कार्यालयांतून, बँकांतून निघालेले आणि लिलावात किंवा जुन्या बाजारात मिळणारे सेकंडहँड सीपीयू बरेचदा चौथ्या पिढीचेच असतात. त्यांवर काउंटर-स्ट्राइक १.६ चालेल, सुपरटक्सकार्ट चालेल, जीटीए व्हाइस सिटीसारखे वीस-बावीस वर्षांपूर्वीचे गेम वाइन नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतील. याहून जास्त अपेक्षा ठेवून ते घेऊ नका.

आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा खेळाडूवर्ग मात्र संगणकावर नाहीच, तो मोबाइलवर आहे. बीजीएमआय अधिकृतरीत्या फोन आणि टॅबलेटसाठीच आहे. तो संगणकावर इम्युलेटर घालून खेळण्याच्या नादात खातं गमवायची वेळ येऊ शकते. फ्री फायर मॅक्स ब्लूस्टॅक्स या इम्युलेटरमध्ये चालतो, पण ब्लूस्टॅक्स लिनक्सवर मिळत नाही. विंडोजवरही बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करावं लागतं आणि ८ जीबी रॅमशिवाय त्यात मजा नाही. मुलगा फक्त हेच दोन गेम खेळत असेल तर गेमिंग लॅपटॉपचा हट्ट मान्य करण्याचं कारण उरत नाही. आणखी एक, पालकांसाठी: ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आहे, ई-स्पोर्ट्सवर नाही. पैसे टाका आणि जिंका म्हणणारं अॅप घरातल्या कुठल्याही यंत्रावर दिसलं तर ते त्याच दिवशी काढा.

मॅकबुकबद्दल थोडक्यात. यंत्र उत्तम, बॅटरी उत्तम. पण वर सांगितलेलं टॅली, आयएसएम आणि व्हॅलोरंट, तिन्ही त्यावर नाहीत. व्हिडिओ एडिटिंग हाच धंदा असेल तरच विचार करा. क्रोमओएस फ्लेक्स जुन्या लॅपटॉपवर हलकं चालतं, पण त्यात अँड्रॉइडची अॅपं येत नाहीत. त्याऐवजी मिंट बरं.

ज्या घरात दोन्ही हवं आहे, ताईचा टायपिंगचा सराव आणि भाऊचा व्हॅलोरंट, तिथे विंडोज ११ हीच मुख्य सिस्टिम ठेवा. लिनक्स शिकायचंच असेल तर शेजारी ड्युअल बूट करा. आधी विंडोज, मग लिनक्स, असा क्रम ठेवा. त्यापूर्वी तीन कामं चुकवू नका. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या डिस्कवर काही लिहिताना ती बिघडू शकते. आणि बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा. नव्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि बायोसमध्ये काही बदललं की पुढच्या वेळी ती ४८ आकड्यांची की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते, पण त्या खात्याचा पासवर्ड दुकानदाराने सेटअप करताना टाकलेला असेल आणि तुम्हाला ठाऊकच नसेल, तर घरातले सगळे फोटो अडकून पडतात. म्हणून नवा लॅपटॉप घेताना खातं स्वतःच्या मोबाइल नंबरवर, स्वतःच्या हाताने उघडा.

लाईन जाते, नेट मोबाइलचं असतं, हेही धरून चाला. विंडोजचं मोठं अपडेट चालू असताना लाईन गेली तर डेस्कटॉप कधी कधी सुरूच होत नाही. यूपीएस नसेल तर अपडेट आपल्या सोयीच्या वेळी, लाईनचा भरवसा असताना करा. हॉटस्पॉटवर असाल तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शन चालू करा, म्हणजे दिवसाचा डेटा अपडेटमध्ये जाणार नाही. मोठे गेम आज शंभर जीबीच्या पुढे जातात. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर ते उतरवण्याचा विचारच करू नका. फायबर किंवा एअरफायबर असलेल्या मित्राकडून स्टीमचा बॅकअप डिस्कवर आणता येतो, आपल्या खात्यावर तो गेम विकत घेतलेला असला म्हणजे झालं. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या वर असताना, दुपारी गेमिंग लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू देऊ नका.

आणि नवं यंत्र घ्यायचंच ठरलं, वाशिमात घ्या की अकोल्याला जाऊन, तर डब्यावर डॉस लिहिलेला स्वस्त लॅपटॉप फक्त लिनक्स वापरणाऱ्यानेच घ्यावा. विंडोज लागणार असेल तर ती कंपनीतूनच आलेली घ्या. तिचा परवाना मदरबोर्डमध्ये असतो, पुढे कधी फॉरमॅट मारला तरी ती आपोआप अॅक्टिव्हेट होते. नंतर वेगळा परवाना घेणं महागात पडतं, आणि मग गाडी पुन्हा क्रॅककडेच वळते. गेमसाठी घेत असाल तर पैसे प्रोसेसरच्या स्टिकरपेक्षा ग्राफिक्स कार्डावर आणि १६ जीबी रॅमवर घाला. पैसे मोजण्याआधी दुकानातच सेटिंग्ज उघडून अॅक्टिव्हेशन पाहा, यादीतलं अडणारं काम किंवा तो एक गेम तिथेच चालवून मागा, आणि जीएसटीचं बिल अनुक्रमांकासह घ्या.